अंडीं देणाऱ्या कोंबडीचा खुराक आणि आपलें शिवार

माजलगांव तालुक्यांतील ज्या शेतकरी कुटुंबांच्या परसांत दहा-वीस कोंबड्या आहेत, त्यांच्याकडून एकच तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. पाखरें चांगल्या जातीचीं आणलीं, खुराडें बांधलें, दाणाही हात आंखडता न घेतां घालतों, पण अंडीं यावीं तशीं येत नाहींत. यावर उपाय सांगणारे दोन प्रकारचे लोक गांवोगांव भेटतात. एक म्हणतो, दुकानांतील तयार खाद्याचें पोतें घ्या, त्यावांचून गत्यंतर नाहीं. दुसरा म्हणतो, पैसे कशाला दवडतां, शेवग्याचा पाला किंवा अझोला घाला, तेवढ्यानें सर्व भागतें. आमचें मत या दोघांहून निराळें आहे. अंड्याला लागणारें बहुतेक सर्व द्रव्य आपल्याच शिवारांत पिकतें. मात्र तें कोणत्याही एका पिकांत अथवा एका पाल्यांत सांपडत नाहीं, आणि त्यांतील कांहीं वस्तु योग्य संस्कार केल्यावांचून घातल्यास गुण येण्याऐवजीं अपायच होतो. हें न समजतां तयार पोत्यावर खर्च करणारा आणि न समजतां काटकसर करणारा, दोघेही सारखेच नुकसानींत राहतात.

प्रथम अंड्याचा जमाखर्च पाहूं. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिन असतें व त्याच्या कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, असतो. अंड्यावर असलेली कोंबडी कोंडून ठेविली असतां दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि त्यांत शेंकडा १६ ते १८ या प्रमाणांत प्रथिन असावें लागतें. म्हणजे रोजची गरज सुमारें १९ ग्रॅमची झाली. आपण घालतों ती ज्वारी. तिच्यांत प्रथिन शेंकडा दहाच्या आसपास. कोंबडीनें पोट फुटेपर्यंत ज्वारी खाल्ली तरी ११-१२ ग्रॅमपलीकडे तिच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. आणि तेंही अपुऱ्या प्रतीचें, कारण लायसीन नांवाचा जो घटक शरीराला बाहेरूनच मिळावा लागतो, तो ज्वारींत फार थोडा. चुन्याचा अंश तर नांवालाच. अशा खाद्यावर कोंबडी प्रथम आपल्या हाडांतून चुना काढून अंड्याला देते, मग पातळ कवचाचीं अंडीं घालते, आणि अखेर अंडीं घालणेंच थांबविते. ज्वारीवर पोसलेली कोंबडी दिसावयास गुबगुबीत असते व घरधनीण तिच्याकडे पाहून समाधान मानते. पण ती नुसती चरबी होय.

गांवरान कोंबडीचें असें होत नसे, हें खरें आहे. ती वर्षाला ५० ते ८० अंडीं देते आणि तेवढ्यापुरतें प्रथिन उकिरड्यांतल्या किड्यांतून, बांधावरच्या हिरवळींतून, खळ्यावरच्या सांडलवंडींतून स्वतः गोळा करते. पण आतां आपण परसांत ग्रामप्रियासारख्या जाती आणतों. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानें तयार केलेल्या या जातीकडून परसांतही वर्षाला १६० ते १८० अंड्यांची अपेक्षा धरतात. काम दुपटीहून अधिक सांगावयाचें आणि खुराक मात्र आजीच्या वेळचा ठेवावयाचा, हा न्याय बैलाला लावला तर कोणता शेतकरी मान्य करील?

कोंड्या-चुनीला आपल्याकडे हलकें समजतात. त्यासंबंधीं एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. जावा बेटांत बटाव्हिया येथें, म्हणजे आजच्या जाकार्तांत, आइकमन नांवाचे एक डच वैद्य १८९० च्या सुमारास बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या कोंबड्या एकाएकीं लुळ्या पडूं लागल्या. चौकशीअंतीं कळलें कीं, त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरांतील पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळाचा भात घातला जात होता. पुढें नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना देणार नाहीं, असें त्यानें बजावलें. त्यांना हलका, न सडलेला तांदूळ मिळूं लागला आणि त्या बऱ्या झाल्या. तांदळाच्या कोंड्यांतील या गुणाचा शोध पुढें जीवनसत्त्वांच्या शास्त्राला कारण झाला व आइकमन यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपण तुरीची चुनी, हरभऱ्याचा कळणा, गव्हाचा कोंडा या वस्तु कोंबडीला द्यावयास मागें-पुढें पाहतों, तेव्हां त्या आचाऱ्याची आठवण ठेवावी.

आतां मुख्य वस्तु सोयाबीन. माजलगांवच्या शिवारांत कापूस आणि ऊस यांच्या जोडीला हें पीक आतां घट्ट बसलें आहे. त्याच्या दाण्यांत शेंकडा ३६ ते ४० प्रथिन व शेंकडा १८ ते २० तेल असतें, आणि ज्वारींत जें लायसीन नाहीं तें यांत भरपूर आहे. साऱ्या जगाचा कोंबडीचा धंदा आज याच्या पेंडीवर उभा आहे. असें असतां आपण काय करतों? काढणी होतांच सर्व माल बाजारांत नेतों. २०२४-२५ च्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मराठवाड्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांनीं त्याहून कमी भावानें माल विकला. मग त्याच दाण्याचें तेल निघून राहिलेली पेंड, मक्याबरोबर पोत्यांत भरून, दुकानदाराच्या नफ्यासह आपल्या दारांत परत येते. २०२१ च्या जुलै-ऑगस्टांत भाव १०,००० रुपयांच्या घरांत गेला तेव्हां कुक्कुटपालक हवालदिल झाले. सरकारनें ऑगस्टांत १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड बाहेरून आणण्यास परवानगी दिली. आणि नवें पीक हातीं येण्याच्या सुमारास शेतकऱ्याचा भाव उतरला. हा व्यवहार आमच्या वाचकांच्या चांगला लक्षांत असेल. ज्याच्या घरीं सोयाबीनही आहे व कोंबड्याही आहेत, त्यानें या दोन्ही टोकांना मार कां खावा? वीस कोंबड्यांना वर्षभर पुरेल इतकें सोयाबीन बाजूला काढणें म्हणजे एका क्विंटलाचाच प्रश्न आहे.

पण येथें एक कडक सूचना देणें भाग आहे. कच्चें सोयाबीन कोंबडीला कदापि घालूं नये. त्यांत प्रथिनाचें पचन रोखणारें द्रव्य असतें. कच्चा दाणा खाणाऱ्या पाखराचें स्वादुपिंड सुजतें, वाढ खुंटते आणि अंडीं कमी होतात. उष्णतेनें हा दोष जातो, हें ऑस्बोर्न व मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९१७ मध्येंच उंदरांवर प्रयोग करून दाखविलें होतें. दाणे भिजवून अर्धा तास चांगले उकळावे व वाळवावे, किंवा कढईंत मंद आंचेवर सारखे हलवीत, कच्चा वास जाऊन खमंग वास सुटेपर्यंत व रंग किंचित् तांबूस होईपर्यंत भाजावे. करपूं देऊं नये. करपल्यानें लायसीनचा नाश होतो आणि ज्यासाठीं सोयाबीन घालावयाचें तीच गोष्ट जाते.

सोयाबीनमध्येंही एक उणीव आहे. मेथिओनीन नांवाचा दुसरा आवश्यक घटक त्यांत बेताचा असतो. तो तिळाच्या पेंडींत चांगला असून तिच्यांत लायसीन कमी असतें. म्हणजे एकीची उणीव दुसरी भरून काढते. आमच्या मतें घरगुती खाद्याचें सर्व मर्म या जोडींत आहे, आणि नुसता शेंकडेवारीचा आंकडा पाहून स्वस्त तीच पेंड घेणारे येथेंच फसतात. तिळाची पेंड न मिळेल तर सूर्यफुलाची चालते.

भुईमुगाच्या पेंडीला आपल्याकडे फार मान. ती पौष्टिक आहे, पाखरें आवडीनें खातात. पण तिच्या बाबतींत आम्ही वाचकांस सावध करूं इच्छितों. ओल लागली कीं तिच्यावर बुरशी चढते व त्या बुरशीचें विष पाखराचें यकृत खाऊन टाकतें. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की जातीचीं एक लाखाहून अधिक पाखरें पटापट मेलीं. रोग कोणता तें कळेना, म्हणून त्याला नांवसुद्धां देतां येईना. शेवटीं मूळ सांपडलें तें ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींत. अफ्लाटॉक्सिन हें नांव जगाला तेव्हांपासून माहीत झालें. आपल्याकडे पावसाळ्यांत पेंडीचीं पोतीं फरशीवर टाकतात, भिंतीला टेकवितात, आणि हिरवट झालेली पेंड "जनावर खात नाहीं तर कोंबडीला टाका" म्हणून खुराड्यांत जाते. असें करणाऱ्यानें कोंबडी मेल्यावर साथीला दोष देऊं नये. बुरसलेली पेंड उन्हांत वाळविल्यानें किंवा भाजल्यानें शुद्ध होत नाहीं. ती खतांतच घालावी.

सरकीच्या ढेपेविषयीं आम्हांस थोडक्यांत पण निश्चित सांगावयाचें आहे. हा कापसाचा मुलूख असल्यामुळें ढेप हाताशीं असते, आणि म्हशीला चालते ती कोंबडीला कां चालूं नये, असें सहज वाटतें. चालत नाहीं. सरकींतील गॉसिपॉल हें द्रव्य बलकांतील लोहाशीं संयोग पावतें व अंडें कांहीं दिवस ठेविलें कीं बलक हिरवट-तपकिरी होतो. सरकीच्या तेलांतील दुसऱ्या एका द्रव्यामुळें पांढरा भाग गुलाबी पडतो. अंडें नासकें नसतें, पण गिऱ्हाईक एकदां तें फोडून पाहील तर पुन्हां आपल्या दारीं येणार नाहीं. करडईची पेंड सालासह असेल तर तिच्यांत चोथाच फार. ती गाई-म्हशींना द्यावी. जवसाची गोष्ट निराळी. जवसाचे दाणे थोड्या प्रमाणांत घातल्यास अंड्यांत ओमेगा-३ जातीचीं स्निग्ध द्रव्यें वाढतात व अशीं अंडीं शहरांत चढ्या दरानें विकतात. पण प्रमाण वाढलें कीं अंड्याला माशासारखा वास येतो आणि पाखरालाही तें मानवत नाहीं.

आतां पाल्याकडे वळूं. शेवग्याचा वाळविलेला पाला हें उत्तम खाद्य आहे, याबद्दल वाद नाहीं. त्यांत प्रथिन शेंकडा २५ च्या आसपास असतें. लसूणघासही तसाच गुणकारी. पण शंभर भागांत चार-पांच भागांपलीकडे पाला गेला कीं चोथा वाढतो, कोंबडीचें पोट भरतें आणि पोषण घटतें. सुबाभळींत तर मिमोसीन हें विषारी द्रव्य असल्यामुळें तिचा पाला कोंबडीला न देणेंच बरें. "शेवग्यानें चुन्याची गरज भागते" हें वाक्य आम्हीं अलीकडे बरेच वेळां ऐकलें. वाळल्या पाल्यांत चुन्याचा अंश शेंकडा दोनच्या सुमारास धरला, तर रोज ५ ग्रॅम पाला खाणाऱ्या कोंबडीस त्यांतून एक दशांश ग्रॅम मिळेल. तिला हवा सुमारें ४ ग्रॅम, कारण खाल्लेल्यापैकीं निम्माच अंगीं लागतो. शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचा जाडसर भरडा याला वनस्पतींत पर्याय नाहीं. भरडा जाडसरच असावा, कारण कवच बहुतांशीं रात्रीं बनतें आणि जाड कण पेषणींत रेंगाळून रात्रभर चुना पुरवीत राहतात.

अझोल्याचा गवगवा त्याहून मोठा. वाळलेल्या अझोल्यांत प्रथिन शेंकडा २० ते २५ असतें, हा आंकडा खरा आहे. पण ताज्या अझोल्यांत शेंकडा ९४ पाणी असतें, हें सांगावयास प्रचारक विसरतात. एक किलो ताज्या अझोल्यांत कोरडें द्रव्य ६० ग्रॅम व प्रथिन जेमतेम १२ ते १५ ग्रॅम. कोंबडीच्या पोटांत किलोभर पाणवनस्पति जाणार कशी? धरणाच्या कालव्याखालीं ज्यांना पाणी आहे त्यांनीं हिरवा चारा म्हणून मूठभर अवश्य घालावा. बालाघाटाच्या डोंगराळ भागांतील शेतकऱ्यानें मात्र अझोल्याच्या खड्ड्यांत पाणी घालण्यापूर्वीं विचार करावा. २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातुरास पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें होतें, हें कांहीं फार जुनें नव्हे.

बलकाच्या रंगासाठीं मात्र पाला व फुलें खरोखरच उपयोगी आहेत. कोंबडी हा रंग स्वतः बनवूं शकत नाहीं. तो खाद्यांतूनच येतो. ज्वारींत तो नसल्यामुळें नुसत्या ज्वारीवरच्या अंड्याचा बलक फिकट असतो, पिवळ्या मक्यानें व घासानें तो खुलतो, आणि सर्वांत अधिक झेंडूच्या पाकळ्यांनीं. दसऱ्या-दिवाळीनंतर झेंडूच्या माळांचे ढीग आपण उकिरड्यावर टाकतों. फवारणी न केलेलीं घरचीं फुलें सावलींत वाळवून ठेविलीं तर चिमूटभर रोज पुरतील. रंग गडद म्हणून अंडें अधिक पौष्टिक असें नव्हे, पण गिऱ्हाईक रंगालाच पैसे मोजतें व त्यांत लबाडी कांहीं नाहीं.

हळद, लसूण आणि तऱ्हेतऱ्हेचे अर्क विकणारेही आतां खेड्यांत येऊं लागले आहेत. युरोपांत १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीं खाद्यांत प्रतिजैविकें घालण्यास बंदी झाली, आपल्याकडे २०१९ मध्यें कोलिस्टिन हें औषध जनावरांच्या बाबतींत बंद झालें, आणि तेव्हांपासून असल्या अर्कांचा व्यापार वाढला. प्रतिजैविकांचा मारा थांबला हें उत्तमच झालें. पण ज्या कोंबडीला ७ ग्रॅम प्रथिनाची तूट आहे तिला लसणाचा अर्क पाजून काय होणार?

शंभर किलोचें मिश्रण करावयाचें झाल्यास आमच्या हिशेबानें ज्वारी, मका, बाजरी यांपैकीं जें घरांत असेल त्याचा भरडा ५० किलो. भाजलेल्या सोयाबीनची भरड १२. तिळाची पेंड ८. भुईमुगाची स्वच्छ, कोरडी पेंड ६. तुरीची चुनी व कोंडा मिळून ११. शेवग्याचा किंवा घासाचा वाळला पाला ४. चुनखडी अथवा शिंपल्यांचा चुरा ८. आणि क्षारमिश्रण व मीठ मिळून १, त्यांत मीठ निम्म्याहून कमी. यांत प्रथिन शेंकडा सतराच्या जवळपास बसतें. दिवसभर मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीस याचे रोज ५० ग्रॅम पुरेत. कोंडलेलीस पोटभर द्यावें. पिलांना व अंड्यावर न आलेल्या तलंगांना हें मिश्रण देऊं नये, कारण इतका चुना त्यांच्या मूत्रपिंडांस बाधतो.

कोंबडीला निव्वळ वनस्पतीवरच ठेवावें असा आमचा आग्रह नाहीं. कोंबडी मुळांत शाकाहारी पाखरूं नव्हे. बी-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. १९४८ मध्यें तें हातीं लागण्यापूर्वीं कुक्कुटपालकांस खाद्यांत मासळीचा भुगा घालावाच लागे. आपल्या परसांतील कोंबडीला तें उकिरड्यांतून व किड्यांतून मिळतें. म्हणून मिश्रण सुरू केलें तरी तिला उकिरडा उकरूं द्यावा. शिवाय हिंवाळ्यांत दिवस लहान झाला कीं अंडीं घटतात, वैशाखाच्या उन्हांत धापा टाकणारी कोंबडी कमी खाते व कवच पातळ पडतें. हे दोष खाद्याच्या माथीं मारूं नयेत. अंड्यावरच्या कोंबडीस १४ ते १६ तास उजेड लागतो, थंडींत खुराड्यांत एक दिवा लावल्यास पुष्कळ काम होतें.

हा विषय दहा-वीस कोंबड्यांचा म्हणून क्षुल्लक समजूं नये. अंड्यांचा पैसा घरांतील बायकांच्या हातीं राहतो व मीठ-मिरची, वह्या-पुस्तकें त्यांतून निघतात. नोव्हेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें शाळेच्या पोषण आहारांत आठवड्याला एक अंडें सुरू केलें होतें. जानेवारी २०२५ मध्यें त्याचा सरकारी निधी बंद झाला व तें लोकवर्गणीवर सोडण्यांत आलें. ज्या गांवच्या परसांत अंडीं भरपूर आहेत त्या गांवाला हें अंडें मुलांच्या ताटांत ठेवणें अवघड नाहीं. आमच्या संस्थेनें यासाठीं एक भरड-चक्की व एक मोठी भाजणीची कढई घ्यावी, तिळाची पेंड व क्षारमिश्रण घाऊक आणून सभासदांस तोलून द्यावें, असें आम्ही सुचवितों. ऊस गाळपाला देणाऱ्या आमच्या सभासदांना यासाठीं लागणारी रक्कम जड नाहीं. अडचण आहे ती आस्थेची.

ही तजवीज दसऱ्यापूर्वीं व्हावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कोंबड्या घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या हवालीं होतात. त्यांना शंभर किलोचा हिशेब करावयास सांगणें योग्य नव्हे. एक माप ठरवून द्यावें, सकाळीं अर्धें व संध्याकाळीं अर्धें. मात्र सर्व मिश्रण एकदम करून ठेवूं नये. सोयाबीनची भरड तेलकट असल्यामुळें लवकर खवट होते. म्हणून दाणे भाजून अख्खे ठेवावे आणि दर पंधरा दिवसांनीं लागेल तेवढेच भरडावे.